माईंचं उटणं

माई माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. कोपराकडे बघत. श्टुटगार्टच्या विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी माझा दंड धरला, बाही वर सारली आणि अंगठा कोपरावर असा काही ओढला, की मागे उभे असलेले एक जर्मन सद्गृहस्थ स्वतःची बॅग तिथेच टाकून मागे सरले. अंगठ्यावरची काळी वळी माझ्या नाकासमोर धरून माई म्हणाल्या, "हे काय, विनायकराव? इंजिनियर ना तुम्ही?"

माई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्काम इस्लामपूर. आम्हा नवराबायकोला रजा मिळेना, म्हणून जावयाला बोलावून करायचा दिवाळसण त्या जावयाच्याच घरी, झिंडेलफिंगेनला घेऊन आल्या होत्या. सण बॅगेत होता. ती बॅग गाडीत चढवताना माझ्या कमरेत जी चमक भरली, ती अजून दर थंडीत हजेरी लावते. आत लोखंडी खलबत्ता होता. कस्टमच्या माणसाने बत्ता दोन्ही हातांनी उचलून "हे कशासाठी?" असं विचारलं, तेव्हा माझ्या बायकोने, मृणालने, शांतपणे "सौंदर्यप्रसाधन" असं सांगितलं. तो बिचारा त्यानंतर नोकरीवर टिकला की नाही, कोण जाणे.

मसूर डाळ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा आणि मूठभर रक्तचंदन गावाहून आलं होतं. संत्र्याच्या साली आमच्या हाइत्सुंगवर, म्हणजे भिंतीतल्या हीटरवर, वाळल्या. पण माईंचा जीव जडला तो अंगणातल्या अक्रोडाच्या झाडावर. अक्रोड आम्हाला खायला, टरफलं खलात. मी म्हटलं, "माई, अहो, मिक्सर आहे घरात." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मिक्सर आपोआप बंद पडला. "मिक्सरनं पीठ होतं, विनायकराव. उटण्याला धार पाहिजे. आणि एक सांगून ठेवते, डोळ्यांत पाणी आलं नाही तर ती अंघोळ नव्हे, ते नुसतं भिजणं!"

ते झाड आमचे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ले यांचं. सत्तरी ओलांडलेले, एकटे, आमच्याच खाली राहणारे. या भागात एक वेळ वाघिणीचं दूध मिळेल, घर मिळत नाही. आम्हाला ते यांच्या कृपेने मिळालं होतं. त्यात आता मृणालला दिवस गेले होते आणि थंडी दारात होती. चावी देतानाच ते म्हणाले होते, "आल्झो, ऐका, नियम दोनच. रविवारी शांतता. आणि आपल्या पाळीच्या आठवड्यात जिना घासायचा." त्या पाळीला इकडे केअरवोखं म्हणतात. पाळी आली की दाराला पाटी लटकते आणि माणसाची इभ्रत त्या पाटीला लटकते. नियम मोडला, की क्युंडिगुंग. म्हणजे घर खाली करा.

माईंनी पहिल्याच रविवारी जेवण आटोपून पदर खोचला आणि बत्ता उचलला. पहिल्या घावाला कपाटातल्या बशा नाचल्या. दुसऱ्या घावाला समोरच्या चर्चची घंटा आपोआप वाजली. खोटं सांगत असेन तर जीभ झडो. इतक्यात खालून बॉयर्ल्यांनी झाडूच्या दांड्याने छत बडवायला सुरुवात केली. ठक्, ठक्, ठक्. माईंनी मान डोलावली. "खालचे ठेका बरा धरतात की!" आणि त्यांनी लय दुप्पट केली.

शेवटी बॉयर्ले वर आले. चेहरा बिटासारखा. "आणखी एकदा काहीही घडलं, तर बाहेर!" म्हणून त्यांनी दार असं आपटलं, की चौकटीचा टवका माझ्या चहात पडला. मृणाल रडायलाच लागली. "आई, अगं, बाळ घेऊन कुठल्या पुलाखाली जाऊ मी?" माईंनी बत्ता गुपचूप गोधडीत गुंडाळला. "बरं बाई, कुटणं बंद," त्या म्हणाल्या. मग माझ्या पाठीकडे बघत, "रगडायला तर बंदी नाही ना?"

नरकचतुर्दशी नेमकी रविवारी आली, आणि पाटीही आमच्याच दाराला. पहाटे मला न्हाणीघरात बिअरच्या पालथ्या खोक्यावर बसवलं. आधी तेल, तेही असं, की मी दोनदा खोक्यावरून निसटलो. मग उटणं. "पाठ माझी, पुढचं तुमचं तुम्ही बघा," म्हणत माई तुटून पडल्या. नरकासुराचा वध तरी एका फटक्यात झाला होता. माझा हप्त्याहप्त्याने चालला होता. अक्रोडाचं टरफल पाठीवरून फिरताना मला पूर्वज दिसले. त्यांच्याही पाठी सोललेल्या होत्या. मी जी आरोळी ठोकली, ती आमच्या कारखान्याच्या गेटवर भोंगा समजून ऐकली गेली, असं दुसऱ्या दिवशी मला कळलं.

बेल वाजली, दारावर लाथा बसल्या. माईंनी दार उघडलं. कोपरापर्यंत लाल हात, गालावर लाल ओघळ. मागे मी पंच्यात, नखशिखांत लाल, विव्हळत. रक्तचंदन ही चीज बॉयर्ल्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी जिना उतरून पळायचं सोडून छत्री उपसली आणि "खुनी!" असं जर्मनमध्ये गरजत माईंवर धावले. छत्री माईंच्या दंडावर बसली. माईंनी ती धरली, पिरगाळली, तिच्या काड्यांची जुडी केली आणि मालकाच्या हातात परत दिली. पुढच्या पावलाला बॉयर्ल्यांचा बूट उंबऱ्याबाहेर ओघळलेल्या तेलावर पडला. मग काय! एकेक पायरी मोजून घेत ते तळाशी पोचले. छत्रीवरच्या चंदनाने माखलेल्या हातांनी तोल सावरायला त्यांनी जे जे पकडलं, ते ते लाल झालं.

आम्हाला वाटलं, गेले. पण ते उठले. गुडघ्यातून रक्त, खरं रक्त, वाहत होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं जिन्याकडे. तेल, चंदन, हळद. मग ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हा स्वच्छ दिसला नाही, तर क्युंडिगुंग."

माईंनी उरलेलं उटणं परातीत ओतलं, काथ्या घेतला आणि वरच्या पायरीवर बसकण मारली. बॉयर्ले मागोमाग बोट फिरवून तपासायला आले. माईंनी बोटावर चापट मारली. "निम्मं झाल्यावर बघू नये, खालचे!" ते संतापून आपला ब्रश घेऊन आले आणि तळापासून सुरू झाले. वरून माई, खालून ते. माईंना जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी. शिव्या मात्र दोघांनाही नीट पोचत होत्या.

"कोपऱ्यात घाला ब्रश! आईनं शिकवलं नाही?"

"दोनेरवेटर!"

"तुम्हीच!"

दुपार टळली तेव्हा दोघं मधल्या पायरीवर भिडले. दोघांच्याही बोटांची सालं गेली होती. बॉयर्ल्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा ब्रश गळून पडला. त्यांचा अर्धा जिना नेहमीसारखा राखाडी होता. माईंचा अर्धा गुलाबी. आत गुलाबी दगड होता, आणि घर विकत घेतल्यापासून या माणसाला तो राखाडीच वाटत होता. श्वाबेनच्या, म्हणजे या स्वच्छतावेड्या मुलखातल्या, माणसाला याहून मोठा घाव घालता येत नाही.

बराच वेळ ते पायरीवरून तळवा फिरवत राहिले. मग सावकाश शर्टाची बाही वर केली आणि कोपर माईंसमोर धरलं. माईंनी अंगठा ओढला. बॉयर्ले कळवळले.

"मळ," माई म्हणाल्या.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं बॉयर्ले म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमचं नंतर बघू. पण या बाईंना घरातून हलवायचं नाही."

घर राहिलं. बाळाचं बारसं त्याच घरात झालं. जाताना माईंनी खलबत्ता बॉयर्ल्यांच्या दारात ठेवला. "गंज चढू देऊ नका," एवढंच.

यंदाच्या चैत्रात माई गेल्या. अंघोळ करूनच गेल्या म्हणे. मी खाली जाऊन बॉयर्ल्यांना सांगितलं. त्यांनी "जा" म्हणून दार हळूच लावून घेतलं. रविवार होता. जेवणं होतायत तोवर खालून आवाज आला. धप्प. धप्प. आमच्या बशा नाचल्या. रविवारच्या शांततेत, स्वतःच्या घरात, बॉयर्ले बत्ता घालत होते. मृणाल उठली, झाडू घेतला आणि जमिनीवर दांड्याने ठेका धरला. खालून लय दुप्पट झाली.

सकाळी दाराशी बरणी होती. मी न्हाणीघरात गेलो. म्हाताऱ्याने टरफलं इतकी जाड ठेवली होती, की पहिल्याच हाताला खांद्याचं सालपट निघालं आणि डोळ्यांत पाणी आलं.

अंघोळ झाली.