कडोदऱ्याची इमारत आणि तिचा ठेका

सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या त्या कापड कारखान्यात तिसऱ्या मजल्यावरचे कामगार लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद करून खाली येत होते, तेव्हा मी जिन्यातच होते. कोणी धावत नव्हतं. पण कोणी परत वर जायलाही तयार नव्हतं.

"ताई, वर पाय ठरी नही ऱ्हायना," भटूआप्पा म्हणाले. ते इथले मुकादम, मूळचे शिंदखेड्याकडचे. मी सुरतेच्या गोडादऱ्यात, खानदेशी वस्तीत वाढले, वडीलही लूमवरच होते, त्यामुळे आप्पा माझ्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलायचे. "जमीन हाली ऱ्हायनी."

कारखान्याचे मालक जयंतीभाई मागेच उभे होते. "बेन, लूम है तो हिलेगा ही ने! आप बस सेफ छे एवुं लखी आपो. माणसं वर जातील."

"आधी बघते. मग लिहायचं ते लिहीन."

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इमारत उभी कशी राहते आणि केव्हा राहणार नाही, हे सांगणं माझं काम. मी लूम चालू करायला लावले आणि वर उभी राहिले. काही क्षण फक्त खडखडाट. मग सगळा मजला हळूहळू आडवा झुलायला लागला. पाण्याच्या पिंपातलं पाणी काठापर्यंत चढलं. थोड्या वेळानं झुलणं आपोआप ओसरलं आणि पुन्हा वाढलं.

"हे कधीपासून?"

"खालचं गोडाऊन मोकळं केल्यापासून," आप्पा म्हणाले.

गोडाऊन म्हणजे तळमजला. ट्रक आत यावा म्हणून मधल्या विटांच्या भिंती पाडल्या होत्या. "भिंती तो पार्टिशन हती," जयंतीभाई म्हणाले. "पिलर को हमने हाथ भी नहीं लगाया." ते खरंच होतं.

मी सगळे लूम बंद करायला सांगितले. वरच्या मजल्यावर एक्सेलरोमीटर ठेवला. हे कंपन मोजणारं यंत्र, तळहातावर मावेल एवढं. लॅपटॉपवर रेघ दिसायला लागली. सगळं शांत, पायाला काही जाणवत नव्हतं, तरी ती रेघ बारीक डोलत होती. हायवेवरची वाहनं, वारा, एवढंसं निमित्त पुरतं. प्रत्येक इमारत अशी सतत डोलत असते, आणि प्रत्येकीचा ठेका वेगळा. हे मी कॉलेजात शिकले होते. पण तो ठेका असा जिवंत समोर चालताना बघितला की आजही मी हातातलं काम सोडून बघत बसते.

"आप्पा, पाच-सहा जणांना वर बोलवा. लूम बंदच राहतील."

माणसं कुरकुरत आली. मी त्यांना एका ओळीत उभं केलं. "पाय उचलायचे नाहीत. मी टाळी वाजवीन तसं वजन या पायावरून त्या पायावर टाकायचं."

मी इमारतीच्या ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले. माणसं डोलायला लागली. रेघ उंच झाली. आणखी उंच. जिन्यात थांबलेले बाकीचेही लॅपटॉपभोवती जमले. मग मी टाळ्यांचा वेग वाढवला. माणसं जास्त जोरात हलायला लागली, आणि रेघ मात्र बसली.

"आपल्याच वजनानं?" एकानं विचारलं. "एवढी मोठी बिल्डिंग?"

"झोपाळा वेळेवर ढकलला तर बोटानंही उंच जातो. अवेळी ढकला, जोर वाया."

जयंतीभाई भिंतीला हात लावून उभे राहिले.

पुढचं त्यांना खाली नेऊन सांगितलं. भिंती होत्या तोवर इमारत ताठ होती, तिचा ठेका जलद होता. भिंती गेल्या, ती लवचिक झाली, ठेका मंदावला आणि नेमका लूमच्या ठेक्याला येऊन भिडला. सगळे लूम एकमेकांशी जुळले की झुलणं वाढायचं, निसटले की ओसरायचं. डोलताना दिसतो वरचा मजला, पण वाकतात ते तळमजल्याचे पिलर. एका पिलरच्या माथ्याजवळचं प्लास्टर मी काढायला लावलं. आत केसासारखी आडवी भेग.

"ये तो सिर्फ लूम है, जयंतीभाई. भूकंपात जमीनच हलते. तिच्या हलण्यात अनेक ठेके असतात, इमारत त्यातला आपला उचलते. मग सगळं वाकणं या एका मोकळ्या मजल्यावर येईल. वरचे मजले अखंड राहतील, आणि अखंडच खाली बसतील."

त्यांनी त्या भेगेवरून नख फिरवलं. मग आप्पांना म्हणाले, "ऊपर कोई नहीं जाएगा. सब को दूसरे कारखाने में लगाओ."

तळमजल्यावर दोन्ही दिशांना शिअर वॉल घातल्या, म्हणजे पायापासून उचललेल्या, सळया पिलरमध्ये गुंतवलेल्या काँक्रीटच्या भिंती. पिलरना भोवतीनं नव्या सळया आणि काँक्रीटचं जाकीट चढवलं. भूकंपाचा जोर यानं कमी होत नाही, ताठ इमारतीला तो कधीकधी जास्तही लागतो. पण आता तो एकाच मजल्यावर तुटून पडणार नाही. ट्रकला आत यायला एकच बाजू उरली. जयंतीभाईंनी हुज्जत घातली नाही.

सगळे लूम पुन्हा चालू केले त्या दिवशी आप्पा वर बराच वेळ अनवाणी उभे राहिले. खडखडाट तोच, लूम तेच, वेग तोच.

"आते नही हालत," ते म्हणाले, आणि चपला घालून कामाला लागले.

नकाशात भिंत दाखवलेली असते. ती तिथे काय काम करते, ते लिहिलेलं नसतं. म्हणून पाडण्याआधी विचारावं. पाडल्यावर उत्तर इमारत देते.