आमच्या ह्यांचं आवडतं ठिकाण

आमच्या ह्यांनी देश किती वेळा पालथा घातला हे त्यांनाही सांगता येणार नाही. सव्वीस वर्षं एका सहल कंपनीत मॅनेजर होते. नाव मॅनेजर, कामं मात्र सगळ्या गावाची. खोल्या वाटा, बॅगा चढवा, कुणाची रक्तदाबाची गोळी हरवली ती शोधा, कुणाला खिडकी हवी, कुणाला वारा नको, आणि नवराबायकोचं बिनसलं की मध्ये पडा. माझा त्या सव्वीस वर्षांतला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे माझं माहेर, चार तासांचं. मी घरी शिवणकाम करते. मशीनसमोरच्या खिडकीतून पलीकडच्या लॉन्ड्रीचा पत्रा दिसतो. तोच आमचा निसर्ग.

घरी कुणी आलं की ठरलेला प्रश्न, "तुम्ही तर सगळं पाहिलंय. सगळ्यात भारी ठिकाण कुठलं? आणि सगळ्यात भिकार कुठलं?" विचारणाऱ्याला वाटायचं, आता राजवाडे आणि धबधबे ऐकायला मिळणार. हे सुरुवात करायचे संडासापासून.

"ते मोठ्या तलावाचं शहर? नाव काढू नका. बस लावायची दीड किलोमीटरवर. म्हातारी माणसं चालता चालता माझ्या सात पिढ्या काढतात." नवी जोडपी जातात ते समुद्रकाठचं गाव तर यांच्या काळ्या यादीत पहिलं, कारण तिथे माणसं पांगतात. एका जुन्या किल्ल्याला सात दरवाजे, म्हणून तोही बाद. आणि कुठल्याशा माळावर एक पडका मनोरा आहे, शेजारी चार झुडपं. ते ठिकाण यांना भारी पसंत. "एकच फाटक, एकच संडास, तोही स्वच्छ. आणि वीस मिनिटांच्या वर तिथे कुणाला थांबावंसंच वाटत नाही!" ऐकणारे हसून बेजार व्हायचे.

एका जागेबद्दल मात्र हे असलं काही बोलायचे नाहीत. डोंगरातलं एक टोक होतं, बर्फाच्या शिखरांसमोर. पायऱ्या चढून जायचं, आणि नशीब असेल तर धुकं फाटून सगळं दिसायचं. नशीब नसेल तर आपल्याच हाताची बोटं. "तिथे दहा मिनिटं मी कुणाचा मॅनेजर नसतो," असं म्हणायचे. "तुला एकदा नेणार बघ." मी म्हणायचे, "न्या की, मी काय तुमच्या पायात बेडी घातलीय?" मग पुढचा हंगाम यायचा आणि हे दुसऱ्यांच्या बायका घेऊन निघायचे.

आता यांची माणसं मोजायची तऱ्हा सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. बाकीचे मॅनेजर डोकी मोजतात. यांचं म्हणणं, डोकी मोजण्यात चूक होते. कुणी बूट काढायला वाकलेलं असतं, कुणी सीटवर आडवं झालेलं असतं. त्याऐवजी हे बसच्या दारात उभं राहून ओरडायचे, "आपापला शेजारी आहे का?" सगळी बस ओरडायची, "आहे!" ज्याचा शेजारी नसेल त्याने हात वर करायचा. "नवरा शेजारी नाही हे बायकोला कळतंच," असं वर मलाच सांगायचे. मी म्हणायचे, "महिन्यातले वीस दिवस मला कळतं, करू का हात वर?" सव्वीस वर्षांत एक माणूस मागे राहिला नव्हता. कंपनी नव्या मॅनेजरांना हीच पद्धत शिकवायची.

आणि कुणी एकटं आलं असेल, तर पहिल्या रांगेत ह्यांच्या शेजारची सीट त्याची. म्हणजे त्याचे शेजारी हे.

त्या वर्षी एक्केचाळीस प्रवासी होते. वीस जोड्या आणि एक टायपिंगच्या बाई. वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बस चालू असताना रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि मांडीवर बोटं चालवून टाइप करायच्या. हे मला फोनवर सांगायचे, "आज बाईंनी पाट्यांमधल्या चौदा चुका काढल्या." एकदा यांचा शर्ट उसवला, तर बाईंनी बसमध्येच दोन टाके घातले. मी म्हटलं, "वा! म्हणजे माझी गरजच संपली." अशी आमची थट्टा चालायची. बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण नऊ दिवसांत त्या माझ्याही ओळखीच्या झाल्या होत्या.

नवव्या दिवशी ते टोक होतं. बाई साठेक पायऱ्या चढल्या आणि त्यांचे गुडघे बोलायला लागले. वळणावर एक लोखंडी बाक होता. ह्यांनी त्यांना तिथे बसवलं. म्हणाले, "बाई, इथेच बसा. अजिबात हलू नका. उतरताना मी घ्यायला येतो." बाई म्हणाल्या, "कुठे जाणार मी? पळून?"

हे वर गेले. धुकं फाटलं. दहा मिनिटं सगळी शिखरं समोर उघडी. हे बघत राहिले. आणि मग एकदम गारा सुरू झाल्या, सुपारीएवढ्या. माणसं सैरावैरा धावली. पलीकडच्या बाजूने एक जवळची वाट थेट खाली गाडीतळावर उतरते, ड्रायव्हरने प्रसंग ओळखून बस तिकडे आणली होती. सगळे त्या वाटेने उतरले, हे सगळ्यात शेवटी, एका आजोबांना धरून. ओलेचिंब सगळे, कुणी हसतंय, कुणी कुडकुडतंय. ह्यांनी दारात उभं राहून विचारलं, "आपापला शेजारी आहे का?"

"आहे!"

यांनी दार लावलं.

काच आतून धुकट होत होती, म्हणून हे घाटभर ड्रायव्हरशेजारी उभे राहून काच पुसत होते. पाठीमागे पहिल्या रांगेत दोन्ही सीटा रिकाम्या. चाळीस माणसांना शेजारी विचारला, आणि स्वतःला विचारायचं राहून गेलं. खाली जेवणाच्या ठिकाणी आचाऱ्याने पानं वाढली आणि म्हणाला, "साहेब, एक ताट उरतंय."

त्या घाटात दुपारी बारानंतर गाड्या वर सोडत नाहीत, फक्त खाली. वर फोन लागत नव्हता. हे चौकीवर जाऊन हातापाया पडले, शेवटी पोलिसांच्या जीपमधून गेले. बाई बाकावरच होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पायऱ्या झाडणारी एक बाई बाजूला उभी राहून रडत होती. पोलीस अजून खालच्या पायऱ्यांवर होते, तेव्हा ती ह्यांना म्हणाली, "मी दोनदा म्हटलं, माझ्या खोपट्यात चला, शेगडी आहे. तर म्हणाल्या, नको, मला इथेच बसायला सांगितलंय. मी हलले तर तो मुलगा शोधत बसेल." तो मुलगा म्हणजे आमचे हे, बावन्न वर्षांचे.

थंडीने हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. कंपनीने काय लिहिलं? "वारंवार सूचना देऊनही सदर महिला गट सोडून गेल्या." खाली ह्यांची सही. ती सही करायला मी लावली. हो, मीच. हे दोन दिवस कागद समोर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "खरं लिहिलंत तर तुरुंगात जाल. त्या बाई परत येणार आहेत का? गेल्या त्या. आता उरलेल्यांचा विचार करा." मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पोलीस दारात येतील, शेजारपाजारचे गॅलरीत उभे राहून बघतील. ह्यांनी सही केली आणि पेन टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिलं.

नंतर कंपनीने ह्यांना ऑफिसात बसवलं, तिकिटं फाडायला. कुणी आवडत्या ठिकाणाचं विचारलं की मीच विषय बदलायचे. जेवायला बसले की ताटाकडे बघत राहायचे. कधी मी चिडून म्हणायचे, "अहो, गिळा आता!" आणि मग मलाच वाईट वाटायचं.

पाच महिन्यांनी एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, खांद्याला ऑफिसची बॅग. म्हणाली, "मी त्या टायपिंगच्या बाईंची मुलगी." हे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा ना," आणि दोघांनाही बसवलं.

मी चहा टाकला. आत गॅससमोर उभी राहून मनाशी ठरलेलं खोटं घोकत होते: ह्यांनी तीनदा सांगितलं होतं, तीनदा सांगितलं होतं. चहा घेऊन बाहेर आले. मुलगी म्हणाली, "मी भांडायला आले नाही. कंपनीचा कागद वाचलाय मी. फक्त तुम्हाला त्रास झाला, पोलीस, पंचनामा, म्हणून म्हटलं एकदा भेटावं."

मी लगेच सुरू केलं, "तीनदा सांगितलं होतं हो ह्यांनी, पण..."

"नसणारच ऐकलं," ती म्हणाली. "जन्मात कुणाचं ऐकलं नाही तिने. बाबांचं नाही, माझं नाही. मी म्हटलं, गुडघे बघ, जाऊ नकोस. तर म्हणाली, तुझ्या परवानगीने जगू का आता? आमचं शेवटचं बोलणं ते. तिची बॅग कंपनीने पाठवली, ती अजून तशीच आहे, उघडली नाही मी. लोक म्हणतात, रड, मोकळी हो. मला रडूच येत नाही. राग येतो नुसता. एवढी अक्कल असलेली बाई, सांगितलेलं ऐकायला काय झालं होतं?"

खोटं कशाला बोलू? मला हायसं वाटलं. माझ्या मनात आलं, सुटलो. चहा पिईल, जाईल, आणि हे प्रकरण एकदाचं मिटेल. मी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "घ्या ना, काही घेतलंच नाहीत."

"त्यांनी ऐकलं," हे म्हणाले.

मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दाबला. ह्यांनी पाय काढून घेतला.

"काय?" मुलगी म्हणाली.

"तुमच्या आईंनी ऐकलं. माझं ऐकलं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, हलू नका, मी येतो. त्या हलल्या नाहीत. मी गेलो नाही. विसरलो. त्या कुठेही गेल्या नव्हत्या. मी सांगितलं तिथेच बसल्या होत्या."

मग ह्यांनी सगळं सांगितलं. शेजाऱ्याची पद्धत, गारा, काच पुसणं, आचाऱ्याचं उरलेलं ताट, झाडणाऱ्या बाईची शेगडी. मी मध्ये दोनदा "अहो" म्हटलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला ह्यांचा इतका संताप आला की कप उचलून आपटावा. पाच महिने मी हे घर सांभाळलं, आणि हा माणूस एका चहात सगळं उधळून टाकतोय.

मुलीने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हे लिहून द्याल?"

"देतो."

"तुम्हाला अटक होईल."

"हो."

तिने बॅगेतून वही काढली, पण उघडली नाही. तशीच मांडीवर धरून बसली. तिने विचारलं, "किती वेळ बसली होती ती?"

"साडेतीन तास."

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. लहान पोर पडल्यावर आधी आवाज येत नाही, तसं झालं, आणि मग तिने "आई गं" म्हणून असा हंबरडा फोडला की समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने मान वर करून बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती पोरगी आईसाठी रडत होती. आणि मी तिच्यापुढे बिस्किटं सरकवून तिला तेवढंही मिळू देणार नव्हते.