जामीन गोळा

पहिला गोळा जामीन असतो, असं माझी माय म्हणायची.

आमटी असो की कढी, खळखळून उकळी आली म्हणून सगळे गोळे एकदम सोडायचे नाहीत. आधी एकच सोडायचा. तो फुटला नाही तर बाकीच्यांची हमी मिळाली. मग तो झाऱ्यानं काढायचा, मोडून आतपर्यंत शिजलाय का बघायचं आणि रांधणारीनं स्वतः खायचा. खाताना तोंड भिंतीकडे. बाहेर माणसं भुकेली बसलेली असताना त्यांच्या डोळ्यांदेखत आपण घास घेऊ नये, म्हणून. आणि गोळा सोडताना तोंडातल्या तोंडात म्हणायचं, 'टिक माय, टिक.' वऱ्हाडातल्या आमच्या घरी यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. कोल्हापुरात मात्र याच जामिनापायी माझी चूल जायची वेळ आली.

मी आठवीतून शाळा सोडली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात धाकटी भावंडं होती, एवढं कारण पुरलं. लग्न झालं. नवऱ्याला शिरोलीकडच्या एका फौंड्रीत काम लागलं म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कोल्हापूरला आलो. एक पत्र्याची पेटी, एक गादी, ओळखीचं कुणी नाही. एका खानावळीच्या मागची खोली रिकामी आहे असं कळलं. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणायचे. पन्नाशीच्या, विधवा, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सैपाक येतोय?"

"येतो."

"मग ऱ्हावा खोलीत. भाडं नको. दोगांचं जेवान हितंच. पर काम नेटानं करायचं, रडत न्हाई."

इतकं मोठं काही कुणी इतक्या सहज दिलं की मला आधी भीतीच वाटते. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "काहीतरी असंल यात." तो म्हणाला, "काहून? बाई चांगली दिसते." तो फौंड्रीत लोखंड ओतायचा, त्याला सगळी माणसं चांगली दिसायची.

बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. ते आक्का स्वतः करायच्या, त्याला मी हात लावायचा नाही. बाकी दिवसांची शाकाहारी रसभाजी माझ्याकडे. भरली वांगी, मसूर, कुळथाचे शेंगोळे, आणि सोमवारी गोळ्याची आमटी. हरभऱ्याची डाळ भिजवून पाणी न घालता जाडसर वाटायची, त्यात लसूण, ओवा, कोथिंबीर, कांदालसूण मसाला. खाली भाजलेल्या खोबऱ्याची झणझणीत आमटी. कॉलेजची पोरं, गडहिंग्लजकडून नोकरीला आलेले एकटे पुरुष, असे पन्नासेक मेंबर. माझे गोळे फुटायचे नाहीत, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. एकजण आत वाकून ओरडायचा, "ओ वऱ्हाडच्या पावणीबाई, अजून दोन सोडा की हिकडं!"

मेंबर खुश होते. पण आक्का माझ्या हातचं कधी खात नव्हत्या.

हे माझ्या ध्यानात आलं आणि मग मला दुसरं काही दिसेना. मेंबर उठले की मी आणि भाकरी थापणारी मामी जेवायला बसायचो. आक्का आत जाऊन स्वतःच्या लहान स्टोव्हवर आमटीभात करून खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "मला पित्ताचा तरास हाय." पण मटणाच्या दिवशी त्यांना पित्त होत नसे.

मी मनात कारण पक्कं केलं. आमचं घर बौद्ध. आल्या आल्या आक्कांनी विचारलं होतं, "तुमच्यात काय?" मी म्हटलं, "आम्ही वऱ्हाडातले." त्या म्हणाल्या, "ते झालं. पर तुमच्यात काय?" तेवढ्यात गॅसवाला आला आणि ते तिथंच राहिलं. बुद्धाची तसबीर मी पेटीतच ठेवली होती, लुगड्यांखाली. पेटीला कुलूप. रोज वाटायचं, आज पुन्हा विचारतील. पोटात मूल होतं. खोली गेली तर जायचं कुठं?

मग आक्का माझ्यावर नजर ठेवायला लागल्या.

सोमवारी मी गोळे सोडायला घेतले की त्या हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मी पहिला गोळा काढून भिंतीकडे वळले की त्यांची मान वाकडी व्हायची. एका सोमवारी मी आत आले तर चुलीच्या वर लिंबू-मिरच्या टांगलेल्या. माझ्या हातानं विटाळ होतो म्हणून हा उतारा, असं मी धरून चालले. मामी माझ्यापासून हातभर लांब बसून भाकरी थापायला लागली. एकदा आक्कांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चौकात कुनीतरी भात आन् लिंबू टाकलाय. तू बगितलास व्हय?"

"नाही."

"न्हाई? बरं."

ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. मी नवऱ्याला सांगितलं, यांना कळलंय, आता हाकलतील. तो म्हणाला, "काय कळलंय? लपवलंय काय तू?" मी पेटीचं कुलूप ओढून बघितलं. मीही मग त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. माझ्या आमटीची वाटी त्या देवापुढं ठेवतात का. मी भरलेल्या माठातलं पाणी पितात का. एका घरात दोन बाया, दोघी एकमेकींच्या हाताकडे बघणाऱ्या. कामं मात्र वेळेवर चालली होती.

श्रावणात शेजारच्या गल्लीतल्या एका घरची वास्तुशांत निघाली. त्यांनी जेवणाची ऑर्डर दिली, बिनकांद्यालसणाची गोळ्याची आमटी, भात, भाकरी, शिरा. मोठी ऑर्डर होती. आक्कांनी आदल्या दिवशीच बजावलं, "माणसं कडक हाईत. नैवेद्य त्यांच्या देवाला जाईस्तवर कुनी तोंडात कण घालायचा न्हाई." बोलता बोलता बघितलं माझ्याकडंच.

सकाळी वीज गेली. आली तेव्हा उशीर झाला होता. मामीनं घाईनं मिक्सरमध्ये डाळ वाटली, पातं फिरेना म्हणून पाणी घातलं. मला ते माहीत नव्हतं. परातीतलं पीठ हाताला जरा सैल लागलं, पण वाटलं, कोथिंबिरीला पाणी सुटलं असेल. जामीन टाकला असता तर त्यानं लगेच सांगितलं असतं. पण तो टाकला तर मोडून, चाखून बघावा लागणार, आणि आक्का दारात उभ्या. मी माझ्या आईला मनात हाक मारली आणि सगळे गोळे एकदम सोडले. तोंडातून शब्दही काढला नाही.

आधी ते वर आले. मग एकेकाचा कोपरा सुटला. बघता बघता पातेल्यात पिवळा गाळ फिरायला लागला. वर तेलाचा तवंग, खाली पिठलं. मी झारा हातात धरून उभी राहिले. मामी भाकरी थापायची थांबली.

आक्का पुढं आल्या. पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडं.

"आज पुटपुटली न्हाईस ते?"

मला कळेना.

"आन् पैला गोळा कुटं गेला आज? रोज एक काडतीस, पाठ फिरवतीस. आज का न्हाई?"

"खाते मी तो," मी म्हटलं. "शिजला का ते पाह्यते. आमच्याकडे तसंच करतात. लोकांसमोर खाऊ नये म्हणून भिंतीकडे..." आणि मला रडू आलं.

"खातीस?"

"हो."

"आन् पुटपुटतीस काय?"

"टिक माय, टिक."

आक्कांनी सावकाश मामीकडं मान वळवली. मामी परातीत बघत बसली. "मला काय म्हायती," ती म्हणाली, "मी आपलं म्हटलं, तिच्या मुलखात करणी लई चालती म्हनं. गोळा काडून ठेवती, चौकात टाकती..."

"तुझ्या तोंडात गोळा कोंबीन!" आक्का इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचा मेंबर आत डोकावून गेला. मग माझ्याकडं वळून, "आन् तू गं? तोंड न्हाई व्हय तुला? सांगायचं की!"

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कारणानं बघता."

"कुटल्या?"

मी झारा खाली ठेवला. त्या पदरानं हात पुसत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "ते तुझ्या मालकानं पैल्याच आठवड्यात सांगितलंय. जेवता जेवता. मी इचारलं, त्यानं सांगितलं. त्यात काय हाय? खोली काडून घेतली व्हय मी?"

नवऱ्याचा मला असा राग आला, आणि असा लोभही, की काय सांगू.

पण ऑर्डर तशीच होती. ज्यांना गोळे द्यायचे त्यांना पिठलं कसं देणार? मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आक्का, पाटवडी करू. हेच घट्ट आटवायचं, बेसन घालून. ताटांत थापायचं, वड्या पाडायच्या. वरून रस्सा नवा."

"जमंल?"

"आमच्याकडे पाव्हण्यांना हेच करतात."

"मग बगत काय बसलीस?"

आम्ही तिघींनी मिळून आटवलं. आक्का ढवळत होत्या, त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मामी कुणी न सांगता ताटांना तेल लावत सुटली. वर खोबरं, कोथिंबीर. डबे न्यायला आलेल्या यजमानानं झाकण उघडून कपाळाला आठ्या घातल्या. "गोळं सांगितलंतं की ओ."

"गोळं रोज खाताय," आक्का म्हणाल्या. "ही आमच्या वऱ्हाडच्या पोरीच्या हातची वडी. आधी देवाला दावा, मग पावण्यांस्नी घाला, आन् मग भांडायला या."

भांडायला कुणी आलं नाही. कौतुक करायलाही आलं नाही. त्यांच्यातली एक म्हातारी वड्या फार तिखट आहेत म्हणाली, असं मागाहून कळलं.

पुढच्या सोमवारी मी उकळीपाशी उभी असताना आक्का वाटी घेऊन आल्या. "सोड तुझा जामीन." मी सोडला. लाजत लाजत म्हटलं, "टिक माय." टिकला. मी काढून मोडला तशी त्या म्हणाल्या, "अर्दा हितं टाक. आधी देवापुढं जाईल. मग तू तुझा खा. भिंतीकडं कशाला, सरळ बसून खा." वाटी घेऊन त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा वाटी रिकामी होती.

तेव्हापासून दर सोमवारी असंच. लिंबू-मिरच्या कुणीतरी काढून टाकल्या. तसबीर मी पेटीतून काढून भिंतीला लावली. आक्कांनी ती बघितली, खिळा तिरका बसलाय म्हणाल्या, बस. एवढं सगळं असून माझा स्वभाव तो स्वभाव. देवापुढं गेलेला तो अर्धा गोळा नंतर जातो कुठं? त्या खातात, की मागच्या दारानं मांजराला घालतात? जेवण तर त्या अजूनही आपल्या स्टोव्हवरच करत होत्या. पित्त होतंच. मी मागच्या दाराशी जाऊन बघायचे, मांजर तिथं असायचंच. पण मांजर काय, खानावळीच्या दाराशी कायमच बसलेलं असतं. ज्या बाईनं छप्पर दिलं तिच्यावर असा संशय घ्यायचा, याची लाज वाटायची, आणि तरी मी बघायचे.

मग दिवाळीच्या आगेमागे एक सोमवार. माझे दिवस भरत आले होते, पाय सुजलेले, लक्ष कुठं ठरत नव्हतं. जामीन टिकला, अर्धा वाटीत गेला. माझा अर्धा मी मामीच्या भाकरीवर ठेवला, मला मळमळत होतं. आक्का आत गेल्या. देवापुढची घंटा वाजली. आणि मग आतूनच, सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असा आवाज:

"अगं ए! गोळ्यात मीठच न्हाई की गं!"

मी पिठात हात घातला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मीठ किती टाकलं ते कळलंच नाही. त्या दिवशी मेंबर लोक गोळे खारट झाले म्हणून बोंबलत होते, आणि आक्का दारात उभ्या राहून त्यांना सांगत होत्या, "गप खावा की. पोरगी अवघडल्याली हाय."