माझे आठ चॅनेल, तिचे आठ

त्या वर्षी माझ्या पोटात जो जाळ पेटला होता, त्यावर घुग्घुसच्या दोन सिमेंट भट्ट्या आरामात चालल्या असत्या. कारण एकच, आमच्या पूल-चाचणीच्या पथकात नवी आलेली एक मुलगी. ती पुण्याची असती तर सोपं होतं, सगळा दोष पुण्यावर ढकलून मोकळा झालो असतो. पण ती निघाली आमच्याच चंद्रपूरकडची, गोंडपिपरीची, धान पिकवणाऱ्या घरची.

घुग्घुसजवळच्या एका जुन्या पुलाच्या पोटाला सोळा स्ट्रेन गेज चिकटवायचे होते. बोटाएवढी पट्टी, पण काँक्रीट केसाच्या हजाराव्या भागाएवढं ताणलं तरी चुगली करते. वर कोळशानं भरलेले ट्रक उभे करायचे आणि खाली आकडे घ्यायचे. एका गेजला आकडे मोजायचा एक चॅनेल. साहेबांनी आठ चॅनेल मला दिले, आठ तिला.

"ज्याचे आकडे चांगले, गडचिरोलीच्या नव्या पुलाचं काम त्याचं," ते म्हणाले. ते काम मी मनातल्या मनात कधीच ताब्यात घेतलं होतं.

गेजला वीज किती द्यायची, हा पहिला प्रश्न. मी दहा व्होल्ट दिले. वीज जास्त तर सिग्नल मोठा. तिनं दिले अडीच.

"काऊन मॅडम, वीज वाचवून राह्यल्या का?"

"नाई भाऊ. काँक्रीट उष्णता ओढून घेत नाई. जास्त दिलं का गेज सोताच तापते."

"आमच्या गेजले ताप येत नाई. चंद्रपूरच्या उन्हात वाढले हायेत ते."

पुलाअलीकडे थांबलेले ट्रकवाले हसले. मी खूश.

तासाभरात तिचे आकडे डबक्यात बसलेल्या म्हशीसारखे स्थिर झाले. माझे मात्र, पुलावर कुत्रंही नसताना, चढत चालले. ट्रक येणार या विचारानंच पूल भेदरलाय, असं मी जाहीर केलं. कोणी मानेना, तेव्हा उन्हाला धरलं. चहावाल्याकडची पोती आणली, भिजवली आणि मचाणावर चढून आठही गेजवर बांधली. पुलाच्या पोटाखाली, जिथं पूल बांधल्यापासून ऊन पोचलं नव्हतं.

"भाऊ, त्याइले गोधडी काऊन पांघरली?" एका ड्रायव्हरनं वरून विचारलं. आकडे चढतच राहिले.

ती डबा खायला बसली तेव्हा मी पोती सोडली आणि गुपचूप माझे चॅनेलही अडीच व्होल्टवर आणले. चढ थांबला. पण आता सिग्नल बारीक, आणि माझ्या लांबच लांब वायरी जनरेटरला खेटून गेलेल्या. आकडे वरातीत नाचल्यासारखे थरथरू लागले.

ती हात धुऊन आली. सिग्नल मोठा करणारा माझा अ‍ॅम्प्लिफायर उचलून गेजजवळ, पुलाखाली नेला. वायरी काढून जाळीच्या आवरणाची आपली केबल लावली. ट्रक उभेच राहणार, झटपट बदल पकडायचे नाहीत, म्हणून थरथर गाळणारा फिल्टर अगदी खाली आणला.

"व्होल्ट चौपट केले तर सिग्नल चौपट होते भाऊ, पण ताप सोळापट," ती हळूच म्हणाली. ट्रकवाल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. तिच्या हुशारीपेक्षा हा समजूतदारपणा मला जास्त झोंबला.

ट्रक आले, सोळाही रेषा एकदम चढल्या. ट्रक गेले, सोळाही शून्यावर आल्या. साहेबांनी माझा पडदा पाहिला.

"वा भाऊ, तुमचे तर तिच्यापेक्षाही साफ. सेटिंग कोणाची?"

ती डब्याचं झाकण लावत होती. वर बघेना. माझ्या जिभेवर सात थापा तयार होत्या, एकीपेक्षा एक सरस.

"तिची," मी म्हणालो. दाढ उपटून हातात द्यावी तसं.

गडचिरोलीला ती गेली.

आता नवी माणसं आली की काँक्रीटवर अडीच व्होल्टच द्या, असं मी ठासून सांगतो. ही अक्कल मला मोहर्लीच्या जंगलात, वाघ चार हातांवर असताना सुचली, असंही सांगतो. पोत्यांचं तेवढं सांगत नाही. आणि कामानिमित्त गडचिरोलीकडे जाताना तिचा तो पूल आला, की तो दिसू नये म्हणून मी गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून नदी बघतो. दुसऱ्या खिडकीतूनही पुलाचा कठडा दिसतोच.