लंकेची नोट, रिठदची मावशी

नेपाळ, भूतान, बांगलादेश, ब्रह्मदेश झाले होते. श्रीलंका तेवढी राहिली होती. यातल्या एकाही देशात मी पाऊल टाकलेलं नाही बरं का! मी जमवते तिथल्या नोटा, त्याही उलटसुलट सारखेच वाचता येतील अशा नंबरांच्या. माझी मैत्रीण संघमित्रा हिने रिठदच्या तिच्या मावशीकडच्या नोटेचा फोटो पाठवला. श्रीलंका, ३८२२८३, कोरी करकरीत! "मावशी म्हणते, ये आणि घेऊन जा." मग कोण थांबतंय?

पुण्याहून रेल्वेने अकोला, तिथून एसटीने मालेगाव. हे मालेगाव जहागीर, नाशिककडचं नव्हे. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. स्टँडसमोर गरम आलूबोंडा आणि तळलेली मिरची खाऊन शिरपूरमार्गे जाणारी गाडी धरली.

"रिठदले काय हाय पाहाले?" कंडक्टरने विचारलं.

"एक नोट आणायचीय."

"काहून? पुन्यातल्या सरल्या काय?"

शिरपूरला जैन यात्रेकरू उतरले आणि गाडी निवांत झाली. दोन्हीकडे फुललेली पिवळी तूर, कोवळं ऊन, माझे डोळे अर्धे मिटलेले. समोरून येणाऱ्या मोटरसायकलींचे नंबर मी उलटे वाचत होते. समुद्रापलीकडचा तो कागद इतक्या आत, या तुरीच्या रानात येऊन बसलाय, याची गंमत वाटत राहिली. रिठद आलं तेव्हा उतरावंसंच वाटेना.

शकुंतलामावशी दारातच उभ्या होत्या. "या बाई, पानी घ्या. संगमित्राची मैत्रीन म्हंजे घरचीच." ज्वारीची भाकरी, ठेचा, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. काय चव होती, अहाहा! भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि शेजारी मावशींचे यजमान.

"आमचे हे विहाराच्या लोकाइसंगं लंकेले गेलते, तिथला बोधीवृक्ष पाहाले. तवाची नोट हाय. नंबराचं मले काय कयत नाही."

"मग मला कशाला देता, मावशी?"

"तू तिच्यासाठी पुन्याहून आली ना! मांगं कोनी तिच्याकडं पाह्यलं बी नाही."

नोट समोर आली. फोटोपेक्षाही देखणी! मी प्लास्टिकचं पाकीट काढेपर्यंत मावशींनी टीव्हीवरचं बॉलपेन उचललं आणि नोटेच्या कोऱ्या भागावर ठासून लिहिलं: 'शकुंतलामावशीकडून अनघाले, रिठद.'

अहो, नाही! पण हे मनातच राहिलं.

"देल्या भांड्यावर नाव घालतो ना आमी, तसं," त्या खुशीत म्हणाल्या. "आता ही नोट तुही. कोनी आपली म्हनाची नाही."

परतताना वाशिमपर्यंत मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? पेन लागलं की संग्राहकाच्या लेखी नोट मेली. ओळखीच्या एका संग्राहकाने फोनवर तेच ऐकवलं, "गेली कामातून. दुसरी शोध."

घरी येऊन ती अल्बममध्ये शेवटी लावली. मग पहिल्यापासून पानं उलटत बसले. भूतानची कुणी दिली? ब्रह्मदेशची कुठून आली? सगळे नंबर तोंडपाठ आहेत. देणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आठवलं नाही.

दुसरी शोधत नाहीये.