गॅरेजवरच्या खोलीतला आवाज

जेवायला वाढताना मला ‘पुरे’ ऐकू येत नाही, अशी माझी ख्याती आहे. पहिल्याच ‘पुरे’ला थांबणारी बाई आमच्याकडे हात आखडता घेणारी समजली जाते, आणि तसं कुणी मला म्हणालेलं मला चाललं नसतं. म्हणून त्या आयरिश मुलीने आमच्या घरी उचललेला पहिला मराठी शब्द ‘पुरे’ होता यात काहीच नवल नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरून ती ओरडायची, ‘पुरे, काकू, पुरे!’ आणि मी हसत हसत तिच्या हातांखालून पोळी सरकवायची. ती खायचीही. तिला दुसरा मराठी शब्द शिकवायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी राहत होतो. नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला, मुलगा शाळेत. गॅरेजवर एक खोली होती, ती भाड्याने द्यायची आम्ही ठरवलं, आणि पहिल्याच रविवारी एक गिटार आणि एक सुटकेस घेऊन ही दारात उभी राहिली. बावीस वर्षांची, केस गाजरासारखे, आणि बोलणं इतकं भरभर की पहिले दोन दिवस मी नुसतीच मान हलवत होते. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलांचं ऐकून ती मला काकू म्हणायला लागली.

तिच्या गावी बंदरावर तिच्या वडिलांचा लहानसा वाद्यवृंद होता. बाराव्या वर्षापासून ती त्यांच्यात उभी राहून गायची. अठराव्या वर्षी एक रेकॉर्ड निघाली, ती तिथल्या रेडिओवर बऱ्यापैकी वाजली, आणि त्या जोरावर ती न्यूयॉर्कला आली. तिथे आयरिश लोकांच्या बारमध्ये गाताना कुणा एजंटाने तिला ऐकलं आणि इकडे पाठवलं. दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या, वर्षानुवर्षं न संपणाऱ्या मालिकांपैकी एकीत तिला आयर्लंडहून आलेल्या नर्सचं काम मिळालं. ही नर्स रोग्यांना गाणी म्हणून दाखवायची. काम सहा आठवड्यांचं होतं. पण प्रेक्षकांची पत्रं यायला लागली तसं ते आणखी तीन महिने वाढलं. त्यानंतर कायम ठेवायचं की नाही, हे मालिकेतल्या एका लग्नाच्या प्रसंगात ती जे गाणं म्हणणार होती त्यावर ठरायचं होतं. काम राहिलं तर व्हिसा राहणार, नाहीतर परत बंदरावर. आम्ही स्वतः ग्रीन कार्डाची वाट बघत वर्षं काढली होती. असले टांगलेले दिवस कसे जातात ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दुपारी घरी येऊन ती मालिका बघायची. माझ्यासारख्याच मंडळातल्या निम्म्या बायका बघायच्या. एपिसोड संपला की फोन खणाणायचा: ‘अगं, तुमची नर्स आज काय सुंदर गायली!’ तुमची नर्स. मला तो शब्द फार गोड लागायचा. मी जणू तिला जन्म दिल्यासारखी ‘हो ना’ म्हणायची. भाडेकरू माझी होती, आवाज काही माझा नव्हता, पण तेवढा फरक मी करत नव्हते.

ऑगस्टमध्ये मला काहीतरी खटकायला लागलं. सकाळी स्टुडिओला जायच्या आधी ती खोलीत गळा तापवायची, खालून वर, वरून खाली. स्वयंपाकघरात चहा करताना मला ते ऐकू यायचं. हळूहळू ती वरच्या टोकाला जाईनाशी झाली. एका ठरावीक जागी पोचली की थांबायची, खाकरायची, पुन्हा खालून सुरू करायची, आणि पुन्हा तिथेच थांबायची. टीव्हीचं काम टिकेल असा तिला भरवसा नव्हता, म्हणून शनिवार-रविवारी ती अजून बारमध्ये गायची, सिगारेटच्या धुरात. सेटवर कुणीतरी डॉक्टर यायचा, घशासाठी इंजेक्शन द्यायचा. मग दोन दिवस आवाज अगदी मोकळा. तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट. मी तिला ज्येष्ठमध दिलं, हळद घालून दूध दिलं. ती मुकाट्याने घ्यायची. मग एका सकाळी चहा उकळला, गाळून झाला, तरी वरून काहीच ऐकू आलं नाही. मी पायऱ्यांशी जाऊन उभी राहिले. ती आत चालत होती, पावलं वाजत होती, पण आवाज नव्हता.

मीच तिला आमच्या हॉस्पिटलमधल्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आत नळी घालून बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. स्वरयंत्रातली बारीक रक्तवाहिनी फुटली होती. ते म्हणाले, दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. दहा दिवस पाळले तर बहुतेक पूर्ण बरं होईल. नाही पाळले तर काहीच सांगता येत नाही, असं त्यांनी बजावलं. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, रक्तस्राव म्हणजे काय हे मला कळतं. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मालिकेच्या लोकांनी समजूतदारपणा दाखवला. नर्सला बहिणीकडे पाठवल्याचं दाखवलं आणि लग्नाचा प्रसंग दोन आठवडे पुढे ढकलला. मुलासाठी भारतातून आणलेली पाटी माळ्यावर पडली होती, ती मी पुसून तिला दिली. मुलाने त्या पाटीवर कधी एक अक्षर गिरवलं नव्हतं. ती मात्र दिवसभर गळ्यात दोरी घालून पाटी बाळगायची. ‘मीठ?’ ‘पत्र आलं का?’ ‘काकू, पाचवा दिवस!’ असं इंग्रजीत लिहून दाखवायची आणि पुढे एक हसरा चेहरा काढायची. मला त्या दिवसांत ती फारच आवडायला लागली होती. आमच्या घरात इतकं शिस्तीत कुणी काही पाळलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता माझी खरी भानगड. जुलैमध्येच मी मंडळाच्या बायकांना शब्द देऊन बसले होते की गणपतीच्या कार्यक्रमात आमची नर्स गाणार. तिलाही विचारलं होतं आणि ती आनंदाने हो म्हणाली होती. कार्यक्रमपत्रिका छापून घरोघरी गेली होती, आणि तिच्यात तिचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं. गणपती आला तो तिच्या मौनाच्या सहाव्या दिवशी. नवरा दोनदा म्हणाला, ‘अगं, फोन करून कॅन्सल कर. लोक समजून घेतील.’ मी म्हटलं, ‘हो, करते.’ केला नाही. मनात असं होतं की तिला नुसतं घेऊन जाऊ, लोक बघतील, तेवढ्यावर भागेल. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

त्या आठवड्यात डोंगराला आग लागली होती. सप्टेंबरात तिकडे लागतेच. गरम, कोरडा वारा सुटला होता आणि गाड्यांवर राख पडत होती. भर दुपारी सूर्य तांबडा दिसत होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, तिथे आम्ही पोचलो तेव्हा माझ्या जरीच्या साडीवरही दोनचार काळे कण होते. गाडीतून उतरताना ती पाटी गळ्यात अडकवायला लागली. मी म्हटलं, ‘राहू दे गं, इथे बरं नाही दिसत ते.’ तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाटी सीटवर ठेवली.

आरती झाली, मोदक झाले, मुलांची नाच-नाटकं झाली. ती पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, मी दिलेला पंजाबी ड्रेस घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मुलं वळूनवळून तिच्याकडे बघत होती. मग सूत्रसंचालकाने तिचं नाव घेतलं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

पुढचं मी कितीतरी वर्षं एकाच पद्धतीने सांगत आले. बायकांनी फारच आग्रह केला. गराडाच घातला. बिचारीला नाही म्हणता येईना. माझाही नाइलाज झाला. आणि आमच्या लोकांना कुठे थांबावं ते कळत नाही, असं म्हणून मी उसासा टाकायची. ऐकणारेही माना डोलवायचे, कारण असल्या आग्रहाखाली प्रत्येकाने कधी ना कधी बासुंदीची जादा वाटी संपवलेली असते.

ती गायली. वडिलांनी शिकवलेलं गाणं होतं, समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघणारं. सुरुवात इतकी हळू आणि इतकी स्वच्छ होती की मला वाटलं, बघा, डॉक्टर उगाच घाबरवतात. मग गाणं वर गेलं. सकाळी जिथे ती थांबायची तीच ती जागा, मी कानांनी ओळखली. ती तिथे थांबली नाही. आवाजातून काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि त्यामागे नुसती हवा आली. तिने ओठ हलवत एक ओळ पूर्ण केली, तीत आवाजच नव्हता. हात जोडून, आमच्या घरी पाहिला होता तसा नमस्कार करून ती खाली आली. लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. गाणं असंच संपतं, असं त्यांना वाटलं.

सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. ह्या वेळी त्यांनी फार वेळ बघितलं नाही. ऑपरेशन झालं, व्रण राहिला. बोलता येत होतं, पण घोगरं आणि तुटक, आणि गाणं संपलं होतं. मालिकेचे लोक पुन्हा समजूतदारपणे वागले. बहिणीकडून परत येताना नर्सला गाडीने उडवल्याचं दाखवलं आणि तिला बेशुद्ध करून पलंगावर झोपवलं, म्हणजे कराराचे दिवसही भरतील आणि बोलावंही लागणार नाही. ती रोज सकाळी स्टुडिओत जाऊन डोळे मिटून पडायची. मी रोज दुपारी बघायची. डोक्याला पट्टी, नाकात नळी, आणि बाकीचे सगळे तिच्या पलंगाशी येऊन बोलून जायचे. एका शुक्रवारी तिला मारून टाकलं. त्या दिवशी फोन खणाणला, पण मी उचलला नाही.

ती आयर्लंडला परत निघाली त्या सकाळी मी तिच्यासोबत पुऱ्यांचा डबा दिला, ती नको नको म्हणत असताना दिला. तिने पाटी धुऊन, कोरडी करून ओट्यावर ठेवली होती. मला मिठी मारली. माझ्याबद्दल वाकडा शब्द तिने ना तेव्हा काढला, ना नंतर नाताळच्या कार्डांत. तिसऱ्या वर्षानंतर कार्डं यायची थांबली.

नवऱ्याला कार्यक्रम टेप करायची हौस होती. पहिल्या रांगेत पायाशी टेपरेकॉर्डर ठेवून तो सगळं भरून घ्यायचा, आणि नंतर कुणी ते कधी ऐकायचं नाही. तो गेल्यावर मुलगा घर आवरायला आला, त्याला खोकंभर कॅसेट सापडल्या. एक लावली आणि म्हणाला, ‘आई, इज दॅट यू?’

मी होते. टाळ्यांचा गलका, खुर्च्या सरकल्याचा आवाज, आणि मग अगदी जवळून माझा आवाज. टेपरेकॉर्डर माझ्याच पायाशी होता ना. एक बाई म्हणते आहे, ‘अहो, राहू दे तिला, घसा बरा नाही वाटतं.’ दुसरी म्हणते, ‘हो, नुसती पुढे येऊन नमस्कार करू दे.’ गराडा नाही. आग्रह नाही. मग मी म्हणते, ‘छे छे, म्हणेल ती. घरचीच आहे आमच्या.’ आणि इंग्रजीत, लाडाने, ‘एकच. हळू म्हण. माझ्यासाठी.’

मग सहा दिवसांत पहिल्यांदा काढलेला तिचा आवाज, कोरडा, बारीक. आमच्या भाषेतला तिने उचललेला पहिला शब्द.

‘पुरे, काकू.’

आणि लगेच हसू ऐकू येतं. मी मुलाला टेप मागे न्यायला सांगितली, पुन्हा लावायला सांगितली. हसणारं दुसरं कुणी नाही. मी एकटीच हसते आहे.