आडवी बाहुली

कत्तलखान्यात सव्वीस वर्षं सुरी चालवलेल्या माणसाला हळवा म्हणायची कोणाची छाती नव्हती. खुळा मात्र सगळेच म्हणत, तेही तोंडावर. 'डोळस' हे नावही तिथल्याच मंडळींनी पाडलेलं. जनावर समोर आलं की बाकीच्यांची नजर त्याच्या नरड्यावर जायची, याची डोळ्यावर.

हे खूळ एका बकऱ्यापासून लागलं. आपली पाळी येईपर्यंत बकरा मान खाली घालून चारा खात होता. त्याच्या पिवळ्या डोळ्यातली बाहुली म्हणजे एक आडवी फट. मान खाली गेली तरी ती फट जमिनीशी आडवीच राहिली, मान वर आली तरी आडवीच. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा जसा आपली जागा सोडत नाही, तसा तो डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरत होता. डोळस बघतच राहिला. मग पाळी आली, त्याने एका घावात काम उरकलं आणि मुंडकं हातात घेऊन कलतं केलं. आता बाहुलीही मुंडक्याबरोबर कलली.

"जीव गेला की पाणसळ बिघडते," तो घरी बहिणीला म्हणाला.

"जेवताना सांगू नकोस," बहीण म्हणाली.

त्याने एक वही केली. मेंढी, घोडा, डुक्कर, कोंबडा, सगळ्यांचे डोळे शिसपेन्सिलीने काढले. एकदा तर बकऱ्याचा डोळा डब्यात घालून घरी आणला. बहिणीने चहापत्तीचा समजून तो डबा उघडला. त्या दिवशी लाटणं त्याच्या पाठीवर मोडलं.

वहीतलं एकच पान कोरं होतं. रेड्याचं. काळ्याभोर बुबुळात काळीच बाहुली, कोळशाच्या ढिगात मणी शोधावा तशी गत. रेडा मान खाली घालतो तेव्हा तीही आडवी राहते का, हे त्याला काही केल्या दिसलं नव्हतं.

बहिणीचा नवरा सहा महिने बेकार होता. बहीण म्हणाली, "दादा, यांना तुझ्या हाताखाली घे. पण रोज संध्याकाळी धड परत आण, एवढंच."

डोळसने शब्द दिला आणि मेहुण्याला जनावरं हाकायच्या कामावर लावलं. दोन्ही बाजूंना लोखंडी गज असलेली एक चिंचोळी गल्ली होती. तिच्यातून एकेक जनावर पुढे यायचं आणि टोकाच्या दारापाशी डोळस उभा असायचा. त्या गल्लीचा एक कायदा होता : गजांवर काही टांगायचं नाही. लोंबणारी, हलणारी वस्तू दिसली की जनावर चार पाय रोवून उभं राहतं, मग देवाचा बाप आला तरी हलत नाही.

मेहुण्याचा हात लगेच उठायचा. तो पाइपने नाकाडावर हाणायचा, शेपटी पिळायचा. एकदा तर शेपटी काटकीसारखी मोडली.

"दाजी, त्याला दुखतं."

"आणि तुमच्या सुरीने काय गुदगुल्या होतात?"



त्या सकाळी फरशी नुकतीच धुतली होती. मेहुण्याने आपला ओला पिवळा रबरी कोट काढून गजावर टाकला. छपराच्या झरोक्यातून ऊन थेट गल्लीत उतरलं होतं. रेडा आला, कोट पाहिला आणि थांबला.

"दाजी, तो कोट आधी काढा."

"एवढं धूड कोटाला भितंय? दादा, तुम्हीच याचे लाड करून ठेवलेत!"

मेहुण्याने पाइप फिरवला. नाकाडातून रक्त आलं. रेडा हलला नाही. तेव्हा मेहुणा गज ओलांडून सरळ त्याच्या पुढ्यात उतरला आणि वेसण ओढू लागला. मागे बंद दार, पुढे रेडा.

"बाहेर या! दाजी, आधी बाहेर या!"

"थांबा हो, याची मस्ती उतरवतो."

रेड्याने मान खाली घातली. डोळस गजांपाशी होता, हातात सुरी, मान हातभर अंतरावर. आणि नेमकं तेव्हाच ऊन तिरपं त्या डोळ्यात शिरलं. काळ्या बुबुळात निळसर आडवी बाहुली उजळली. मुंडकं खाली खाली चाललं होतं, ती मात्र जमिनीशी आडवीच. अगदी बकऱ्यासारखी. डोळस पाहत राहिला. श्वास घेऊन सोडावा, एवढाच वेळ.

तेवढ्यात शिंग मांडीत घुसलं.

रेड्याने मेहुण्याला उचलून दारावर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचा आवाज किंकाळीच्याही वर ऐकू आला. डोळसने गजांतून हात घालून वार केला. सुरी खांद्याच्या हाडावर घसरली. दुसरा वार केला, तिसरा केला. गरम रक्त त्याच्या तोंडावर उडालं, दिसेनासं झालं, तरी तो भोसकतच राहिला. एका घावाची ख्याती असलेल्या माणसाला त्या दिवशी सात घाव लागले. रेडा कोसळला तो मेहुण्याच्या त्याच पायावर.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

 बहीण डोळसचं ताट वाढायची आणि आत निघून जायची. हे लाटण्यापेक्षा जास्त लागत होतं.

मेहुणा घरी आल्यावर आठ दिवसांनी म्हणाला, "दादा, एक विचारू? तुम्ही तिथेच होतात. हात का चालला नाही?"

भीतीने गोठलो असं सांगता आलं असतं, आणि कोणालाही खरं वाटलं असतं. डोळस म्हणाला, "बाहुली बघत होतो."

"काय?"

"त्याने मान खाली घातली तरी ती आडवीच राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दिसली."

उशाशी पितळी तांब्या होता. मेहुण्याने तो सर्व ताकदीनिशी फेकला. तो भुवईवर बसला आणि रक्ताची धार लागली. आवाज ऐकून बहीण दारात आली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. डोळसने रक्त पुसलं नाही. जागचा उठलाही नाही.

मेहुणा कुशीवर वळला आणि उशीवर गाल टेकून म्हणाला, "आत्ता माझं डोकं आडवं आहे. माझी कशी दिसते?"

डोळसने एका डोळ्यातलं रक्त मनगटाने सारलं आणि वाकून नीट पाहिलं.

"गोल. माणसाची कुठूनही बघा, गोलच."

"म्हणजे वर काय, खाली काय, काहीच कळत नाही तिच्यावरून."

"नाही."

"मग कसल्या कामाची," मेहुणा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.